तालमीत घडणारा मनुष्य



पावसाळा स्थिरावला आणि महाविद्यालये भरू लागली, म्हणजे महाराष्ट्रात एकांकिका-स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली, तेव्हापासून हा हंगाम विद्यार्थ्यांच्या वर्षात एखाद्या सणासारखा ठरूनच गेला आहे. या दिवसांत उरणकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीतून बामणडोंगरी अथवा खारकोपर स्थानकावर उतरून उलव्याच्या उंच इमारतींकडे पायी निघालेला एखादा तरुण दृष्टीस पडतो. त्याच्या पिशवीत कोपरे दुमडलेली संहिता असते, आणि तो स्वतःशीच काही पुटपुटत असतो. वाटेने जाणारा मनुष्य त्याच्याकडे वळून पाहतो. त्याला काय ठाऊक, की या पोराच्या अंतःकरणात सध्या दुसराच एक मनुष्य बिऱ्हाड करू पाहत आहे!

हा दुसरा मनुष्य विद्यार्थ्याच्या ठायी कसा राहावयास येतो, आणि तालीम या नावाखाली जो दीड-दोन महिन्यांचा खटाटोप चालतो त्यात नेमके काय घडते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. पुष्कळ घरांत या खटाटोपाकडे अभ्यासाचा शत्रू म्हणून पाहिले जाते. रात्री उशिरा येणारा मुलगा, झाकून ठेवलेले ताट आणि तोंडावर आलेली परीक्षा या तीन गोष्टी एकत्र आल्या, की घरात कुरबुर व्हावयाचीच. अशा घरांतील वडील मंडळींनी एक लहानशी गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘तालीम’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थच मुळी ‘शिक्षण’ असा आहे. पाठ केलेले पुन्हा पुन्हा म्हणणे एवढाच अर्थ त्या शब्दात कधीही नव्हता.

मराठी रंगभूमीवरील थोर तालीममास्तरांनी तो शब्द याच अर्थाने वापरला. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक वासुदेवराव केळकर हे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या नटांना शिकवीत असत. याच मंडळीचे गणपतराव जोशी पुढे आगरकरांच्या ‘विकारविलसित’ नाटकात, म्हणजे शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’च्या मराठी अवतारात, अवघ्या महाराष्ट्राला वेड लावून गेले. गोविंद बल्लाळ देवल हेही मुळात शाळेत शिकविणारे गृहस्थ. किर्लोस्कर मंडळीत त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या नटांत गणपतराव बोडस होते, आणि बोडसांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मचरित्राला ‘माझी भूमिका’ हेच नाव दिले. रंगभूमीच्या त्या ऐन भरात नटाला घडविण्याचे काम शिक्षकांच्या हाती असावे, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. वाक्याचा अर्थ कळल्यावाचून ते उच्चारू नये, हा धडा वर्गात आणि तालमीत एकच असतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. हातापायांच्या व चेहऱ्याच्या हालचाली हा पहिला, वाणी हा दुसरा, वेष व रंगभूषा हा तिसरा आणि मनाच्या एकाग्रतेतून उमटणारा भाव हा चौथा. नवखा नट पहिल्या तिहींच्या मागे धावतो, कारण ते डोळ्यांना दिसतात व कानांना ऐकू येतात. चौथा हाती येत नाही म्हणून तो रडून दाखवितो, आणि त्यालाच भाव समजतो. तालमीचे खरे काम या चुकीच्या दुरुस्तीपासून सुरू होते.

उदाहरणासाठी उलव्यातलाच एक कल्पित विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. वय वीस, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्या एकांकिकेत त्याला सत्तर वर्षांच्या आगरी शेतकऱ्याची भूमिका मिळाली आहे. विमानतळासाठी गाव उठावयाचे आहे. दाराशी टेम्पो उभा आहे, मुलगा घाई करीत आहे, आणि म्हातारा घराचे जुने सागवानी दार बिजागऱ्यांसकट उतरवून घेत आहे. नव्या घराला दार आहेच, हे जुने धूड कशाला, असे मुलगा म्हणतो. म्हातारा ऐकत नाही. एवढीच गोष्ट.

ही एकांकिका कल्पित असली, तरी तिच्या पाठीमागचा इतिहास कल्पित नाही. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या या गावांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १९८४ सालच्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले, आणि विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना देण्याचे धोरण या लढ्यातूनच पुढे आले. पुढे विमानतळ आला. त्यासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, वाघिवली अशी दहा गावे व पाडे आपल्या जागेवरून उठले. उलव्याची टेकडी कापून सपाट केली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. २०२५ सालच्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन होऊन डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. तेव्हा आपला विद्यार्थी ज्या इमारतीत राहतो, तिच्या आसपासच्या भूमीवर अशी दारे खरोखरच उतरविली गेलेली आहेत. ज्यांनी ती उतरविली त्यांपैकी कित्येक आजही त्याच रस्त्यांवरून भाजी आणावयास जातात. भूमिका खोटी वठली, तर ते या माणसांपुढे बोललेले असत्य ठरेल. विद्यार्थ्याच्या खांद्यावरचे ओझे हे आहे, आणि ते करंडकाहून जड आहे.

पहिल्या आठवड्यात हा विद्यार्थी काय करतो? तो कमरेतून वाकतो, हात थरथरवितो, दर दोन वाक्यांमागे खोकतो आणि आवाज घोगरा काढतो. आगरी बोलीतले ‘मना’, ‘तुना’ असे शब्द तो इतक्या जोराने उच्चारतो, की तालमीच्या खोलीत हशा पिकतो. सोबत्यांना तो फार आवडतो. परंतु त्याने उभा केलेला म्हातारा हा कोणी मनुष्य नव्हे, तर स्नेहसंमेलनांतून आणि चित्रपटांतून पाहिलेल्या शंभर म्हाताऱ्यांची ती गोळाबेरीज आहे. यात त्याचा फारसा दोष नाही. रित्या हाताने उभे राहण्याची भीती प्रत्येक नवख्या नटाला वाटते, आणि खोकला हा त्या भीतीवरचा आडोसा असतो. शहाणा दिग्दर्शक या वेळी हसत नाही आणि रागावतही नाही. तो खोकला काढून घेतो आणि विचारतो, “बरे, आता हा मनुष्य काय करतो आहे ते सांग.”

“त्याला दुःख झाले आहे, दादा,” विद्यार्थी उत्तर देतो.

“दुःख झाले आहे हे मला ठाऊक आहे. तो काय करतो आहे?”

या प्रश्नाचे उत्तर सापडावयास बहुधा दोन आठवडे लागतात. तोपर्यंत संहितेचे वाचन चालते. वाचनात एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. वाक्ये पाठ करावयाची, पण त्यांना चाल लावावयाची नाही. घरी आरशापुढे एखादे वाक्य चढ्या सुरात पन्नास वेळा घोकले, म्हणजे ते त्या सुरात गोठते. मग समोरचा नट काहीही बोलो, हा आपला तेच गोठलेले वाक्य त्याच्यापुढे ठेवतो. शब्द सपाट पाठ करावे आणि त्यांतला चढउतार समोरच्या माणसाकडून घ्यावा, हा नियम साधा दिसतो, पण तो अंगवळणी पडण्यास कठीण आहे.

वाचन चालू असता प्रश्नही चालू राहतात. म्हातारा सकाळपासून कोठे होता? त्याच्या पोटात अन्न आहे काय? हे दार कोणी करविले? टेम्पोवाल्याला भाडे तासाचे द्यावयाचे की खेपेचे? यांपैकी बहुतेक उत्तरे प्रेक्षकांना कधीच कळणार नाहीत. तरीही ती नटाला ठाऊक असावी लागतात. रशियातील नाट्याचार्य स्तानिस्लावस्की यांनी नटाच्या साधनेचे जे शास्त्र मांडले, त्यात ‘या परिस्थितीत मी असतो तर काय केले असते’ या कल्पनेला मोठे स्थान आहे. के. नारायण काळे यांनी ‘अभिनय साधना’ या नावाने त्यांचा ग्रंथ मराठीत आणला, तेव्हापासून कितीतरी विद्यार्थ्यांनी त्याचा आधार घेतला आहे.

मग एके रविवारी हा विद्यार्थी गावातून उठून नव्या वस्तीत आलेल्या एका वृद्धाकडे जाऊन बसतो. जाताना त्याने मनाशी दुःखाच्या गोष्टी ऐकण्याची तयारी केलेली असते. आजोबा मात्र दुःखाविषयी अवाक्षर काढीत नाहीत. कोणत्या वाऱ्याने मीठ लवकर धरते, खारजमिनीचा बांध फुटला म्हणजे तो रात्री कसा बांधीत, याच गोष्टी ते सांगत राहतात. डोक्यावरून विमान गेले, की वाक्य अर्धेच ठेवतात, आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. ते मान वर करीत नाहीत. विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट दिसते. आजोबा वाकलेले नाहीत. जन्मभर ओझी वाहिलेली त्यांची पाठ ताठ आहे. फक्त उठण्यापूर्वी ते क्षणभर थांबतात, हात कोठे टेकावयाचा ते ठरवितात आणि मग उठतात. म्हातारपण म्हणजे उरलेली शक्ती हिशेबाने खर्च करणे, हे त्याला त्या खाटेशेजारी बसून समजते. कोणत्याही पुस्तकाने ते इतके स्पष्ट सांगितले नसते.

अशा भेटीत एक मर्यादा पाळणे अवश्य आहे. नटाने निरीक्षण करावे, परंतु चोरी करू नये. आजोबांची लकब जशीच्या तशी उचलून रंगमंचावर मांडली, तर ती नक्कल होईल आणि ज्या माणसाने विश्वासाने घरात घेतले त्याचा तो अवमान होईल. लकबीमागचे कारण तेवढे आणावे. कारण हाती आले, की नटाचे शरीर आपली स्वतःची लकब शोधून काढते.

त्या रात्री घरी परतल्यावर विद्यार्थ्याला स्वतःच्याच घरातील एक प्रसंग आठवतो. त्याचे कुटुंब मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून उलव्यात राहावयास आले, तेव्हा त्याच्या आजीने जुना पाटा-वरवंटा टाकून देऊ दिला नव्हता. मिक्सर असताना हा दगड कशाला, असे सगळे म्हणत होते. आजी कोणाशी भांडली नाही. तिने तो पाटा फडक्यात गुंडाळला आणि टेम्पोत त्याच्याशेजारी जाऊन बसली. या आठवणीने भूमिकेचे दार किलकिले होते. तथापि येथेच सावध राहावयास हवे. आजीचे कुटुंब आपल्या राजीखुशीने मोठ्या घरात आले. म्हाताऱ्याचे घर हुकमाने सुटत आहे. हे दोन अनुभव एकमेकांजवळचे आहेत, एक नव्हेत. स्वतःच्या आठवणीच्या पुलावरून भूमिकेपर्यंत जावे, पण पुलालाच पैलतीर समजू नये.

आता दिग्दर्शकाच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. म्हातारा दार उतरवीत आहे. टेम्पो निघण्यापूर्वी, कोणाची मदत न घेता, दाराला चीर जाऊ न देता, ते त्याला उतरवावयाचे आहे. त्याला रडावयास वेळच नाही! इतके दिवस विद्यार्थी शेवटच्या प्रवेशात हुंदके देत होता आणि सोबती टाळ्या वाजवीत होते. आता तो गंजलेला स्क्रू फिरविण्यात गुंततो, तो फिरत नाही, तो पेचकस बदलतो, आणि पाहणाऱ्यांचा श्वास अडकतो. भाव आणावा म्हटल्याने येत नाही. मनुष्य कामात खरोखर गढला, म्हणजे तो मागच्या दाराने येतो. भरतमुनींचा सात्त्विक अभिनय मनाच्या एकाग्रतेतून उपजतो तो असा.

तालमीच्या मध्यावर दिग्दर्शक एक युक्ती योजतो. एके दिवशी तो बाप आणि मुलगा या भूमिकांची अदलाबदल करतो. आपला विद्यार्थी मुलाच्या जागी उभा राहतो आणि त्याला प्रथमच कळते, की हा मुलगा कठोर नाही. टेम्पोचे भाडे चढते आहे, बायको लहान मूल घेऊन उन्हात उभी आहे, आणि बाप पडला तर काय करावयाचे या धास्तीने तो ओरडत आहे. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी आपल्या मूळ भूमिकेत परततो, तेव्हा त्याचा म्हातारा बदललेला असतो. मुलावर खेकसणारी वाक्ये आता तो खालच्या आवाजात, काहीशा ओशाळेपणाने बोलतो. संहितेतला एक शब्दही बदललेला नाही. तो ऐकू लागला आहे, इतकेच. रंगमंचावर ऐकणे हे बोलण्याहून अवघड असते आणि भूमिकेची निम्मी वाढ त्यानेच होते.

१९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा केशवराव दाते यांच्यासारख्या नटाने हीच दिशा दाखविली होती. प्रेक्षकांकडे तोंड करून भाषण ठोकण्याची जुनी रीत मागे पडली आणि माणसे एकमेकांशी बोलू लागली. आजच्या विद्यार्थ्याला ती गोष्ट सहज वाटते; परंतु घाबरलेला नवखा नट आजही पहिल्या तालमीत प्रेक्षागृहाकडेच तोंड करतो!

पाचव्या आठवड्याच्या सुमारास एक वाईट काळ येतो. जे कालपर्यंत जिवंत होते, ते शिळे वाटू लागते. वाक्ये ओठांवरून घसरतात, मन दुसऱ्या दिवशीच्या चाचणी परीक्षेत असते. विद्यार्थी घाबरतो आणि टाकून दिलेला खोकला हळूच परत आणू पाहतो. या काळात नवे काही शोधण्यापेक्षा मुळाकडे जावे. एक तालीम शब्दांवाचून करावी. एक स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या शब्दांत करावी. एक जमिनीवर मांडी घालून, कोणतीही हालचाल न करता, केवळ एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून करावी. असे केल्याने कोठे अर्थ निसटला आहे ते ताबडतोब ध्यानात येते. आणि तरीही अडले, तर त्या रात्री तालीम लवकर संपवावी व सर्वांनी वेळेवर घरी जाऊन जेवावे. थकलेल्या शरीरात दुसरा मनुष्य राहावयास येत नाही.

वीस वर्षांच्या मुलाने सत्तरीचा मनुष्य उभा करावा काय, अशी शंका कोणी घेईल. डॉ. श्रीराम लागू पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत असताना विद्यार्थीदशेतच नाटकात रमले. पुढे १९७० साली त्यांनी ‘नटसम्राट’मधील वृद्ध अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, तेव्हा त्यांचे वय ४३ वर्षांचे होते. वय हे अनुभवाने येते, भूमिका अभ्यासाने येते. विद्यार्थ्याने मात्र आपली पायरी ओळखावी. त्याचा म्हातारा लागूंच्या म्हाताऱ्यासारखा होणार नाही, आणि तसा करण्याचा प्रयत्नही त्याने करू नये. थोरांच्या भूमिका पाहाव्या त्या त्यांच्या कष्टांचा अंदाज घेण्यासाठी.

राहता राहिला बक्षिसाचा प्रश्न. २०२२ साली पुरुषोत्तम स्पर्धेच्या परीक्षकांनी अपेक्षित दर्जा दिसला नाही म्हणून करंडक कोणालाच दिला नाही. त्यावरून बरीच चर्चा झाली. विद्यार्थ्यांना वाईट वाटले असेल. तरीही त्या निर्णयात त्यांच्याविषयीचा एक आदर होता. तुमच्याकडून खऱ्याची अपेक्षा आहे, असे त्यांना कोणीतरी सांगितले.

आपल्या विद्यार्थ्याच्या रंगीत तालमीला सोबत्यांचे आईबाप आले आहेत. मागच्या रांगेत ते आजोबाही येऊन बसले आहेत. एकांकिका संपते. विद्यार्थी धावत त्यांच्यापाशी जातो, पाया पडतो आणि काय बोलतात म्हणून वाट पाहतो. आजोबा बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, “पोरा, दार खांद्यावर नाय घेत. वजन एका बाजूला जातं. डोक्यावर घ्यावं, खाली चुंबळ ठेवून.”

एवढे बोलून ते उठतात. उठण्यापूर्वी क्षणभर थांबतात, हात खुर्चीच्या दांडीवर टेकतात. त्यांनी अभिनय चांगला झाला असे म्हटले नाही. आपले दार कसे न्यावयाचे ते त्यांनी सांगितले, म्हणजे ते दार त्यांना आपले वाटले. त्या रात्री विद्यार्थी तालमीच्या खोलीत एकटाच मागे राहतो, गमछाची चुंबळ करतो आणि दार डोक्यावर घेऊन चालून पाहतो. मान आपोआप ताठ होते.

या मुलांपैकी फार थोडे पुढे नट होतील. बाकीचे कचेऱ्यांत, पेढ्यांत, रुग्णालयांत कामाला लागतील. परंतु ज्याने एकदा दीड महिना दुसऱ्या माणसाचे दार डोक्यावर वाहिले आहे, तो पुढे टेबलाच्या पलीकडे एखादा वृद्ध अर्जदार येऊन उभा राहिला, तर मान वर करून त्याच्याकडे पाहील आणि त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबेल. झाकून ठेवलेल्या ताटाची किंमत तेवढ्याने भरून निघते, असे घरातील वडील मंडळींनी मानावयास हरकत नाही.